खांदा जखडलाय: शेकायचा, ओढायचा, की नुसती वाट बघायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५३, प्राथमिक शाळेत शिक्षिका, दहा वर्षांपासून मधुमेह. पाच महिन्यांपूर्वी काही मार वगैरे न लागता डावा खांदा दुखू लागला. आता हात डोक्यापर्यंत जात नाही, पाठीमागे हूक लावता येत नाही, पदराला पिन दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागते. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते. एक्स-रे नॉर्मल आहे. मशीनचे शेक घेतले, पुली ओढली, मग ओळखीच्या एका माळीशवाल्याने हात जोर लावून वर नेला आणि तेव्हापासून दुखणं वाढलं. आता एक जण म्हणतो भूल देऊन हात मोकळा करून घ्या, दुसरा म्हणतो दोन वर्षांत आपोआप सुटतो. काय करावं?

ताई, लिहिलंय त्यावरून हा जखडलेला खांदा, म्हणजे दवाखान्यात ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तोच असावा. तरी आधी खात्री करून घ्या. ‘हात वर जात नाही’ या एकाच तक्रारीमागे चार-पाच वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या उलट जाऊ शकतात.

घरच्या घरी एक गोष्ट बघा. उताणं झोपा. दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा, मुठी छताकडे. दोन्ही मुठींत मिळून एक छत्री किंवा काठी आडवी धरा. आता डावा हात अगदी सैल सोडा आणि उजव्या हाताने काठी ढकलत डावी मूठ बाहेरच्या बाजूला, गादीच्या दिशेने जाऊ द्या. कोपर अंगापासून सुटता कामा नये. मग हेच उजव्या खांद्यासाठी करा आणि फरक बघा. चांगला खांदा साधारण ६० ते ९० अंश बाहेर वळतो. जखडलेला थोडासा वळून ठाम अडतो. तुम्ही कितीही सैल सोडा, दुसऱ्याने कितीही हळू ढकललं तरी पुढे सरकत नाही. ही बाहेर वळण्याची हालचाल या आजारात सगळ्यात जास्त जाते, आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही. सगळे ‘हात वर करून दाखवा’ म्हणतात.

खांद्याभोवतीच्या स्नायूची दोरी फाटली असेल तर चित्र बहुधा उलटं असतं: स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला की जातो. दुखणं मानेतून येत असेल तर मुंग्या येतात, कळ कोपराखाली बोटांपर्यंत उतरते, मान वळवली की वाढते. एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून ‘काहीच नाही’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तेही मनावर घेऊ नका. एक्स-रे काढायचा तो सांध्याची झीज, साठलेलं कॅल्शियम, निखळलेलं हाड यातलं काही नाही ना हे बघायला. या आजारात बिघाड हाडात नसतोच, त्यामुळे तो नॉर्मल यायलाच हवा. एमआरआय बहुतेकांना लागत नाही.

एक मात्र आधी विचारते, कारण डावा हात आहे आणि मधुमेह आहे. जिना चढताना, भरभर चालताना हात किंवा खांदा दुखतो आणि थांबलं की थांबतो, असं होतं का? छातीत दडपण, घाम, धाप? तसं असेल तर खांदा राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा दुखणं पडल्यावर, फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर सुरू झालं असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी हवी.

आता आत काय झालंय ते. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत बसतो आणि त्याभोवती पातळ, ढगळ आवरण असतं. काखेच्या बाजूला त्याची चुणी असते. हात वर गेला की ती उलगडते. या आजारात हे आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आटतं. धुतल्यावर आटलेला सुती ब्लाउज आठवा: काखेत एवढा घट्ट की हात उचलला तर शिवणच ओढते. एरवी त्या आवरणात १५-२० मिलीलिटर द्रव सहज मावतो, जखडलेल्या खांद्यात कित्येकदा १० सुद्धा मावत नाही. समोरच्या आणि वरच्या भागातले धागे सर्वांत जास्त आखडतात, म्हणून बाहेर वळणं आधी बंद पडतं.

हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांतले सुमारे १२० खुद्द खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचं फावड्यासारखं हाड फिरल्यामुळे. सांधा अडला की सगळा भार त्या हाडावर आणि त्याला उचलणाऱ्या मानेच्या स्नायूंवर येतो. माणूस खांदा कानाकडे उचलून हात वर नेऊ बघतो. संध्याकाळी मान आणि पाठीचा वरचा भाग भरून येतो तो त्यामुळे. बाम तिथेच चोळला जातो, माळीशही तिथेच होतं, बरंही वाटतं, आणि आखडलेलं आवरण जिथल्या तिथे.

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या आजाराचं आजचं इंग्रजी नाव रूढ केलं, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि कारण सांगणंही अवघड. कारणाबाबत अजून फार पुढे गेलेलो नाही. एवढं पक्कं की चाळिशी ते साठीत जास्त होतो, बायकांना जास्त होतो, आणि मधुमेह असेल तर शक्यता सुमारे पाचपट असते.

तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा इथून सुरू होतो. हा आजार टप्प्याटप्प्याने जातो. आधी ठणक्याचा काळ: विश्रांतीतही दुखतं, रात्री जागं करतं, हालचाल दर आठवड्याला थोडी कमी होते. मग आखडल्याचा काळ: ठणका ओसरतो, फक्त टोकाला नेलं की ओढतं, पण हात अडलेला. मग हळूहळू सुटण्याचा. हद्दी काटेकोर नसतात. तुमची झोप अजून मोडतेय म्हणजे तुम्ही पहिल्या काळात आहात, फार तर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. या काळात खांद्यावर जोर चालत नाही. सुजलेलं आवरण ओढलं की ते आणखी सुजतं, रात्र आणखी वाईट जाते, माणूस हात हलवायलाच घाबरतो. माळीशवाल्याने केलं ते हेच. आणि खरं सांगायचं तर आमच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायातही ‘रडला तरी चालेल पण हात वर न्यायचा’ या पद्धतीचे लोक आहेत. लोकांनाही ते आवडतं. दुखलं म्हणजे काम झालं असं वाटतं.

२००४ साली नेदरलँड्समधून ७७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला वेदनेच्या आतच हलका व्यायाम, दुसऱ्याला वेदनेच्या पलीकडे ताणणं. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ नॉर्मल होता, ताणलेल्या गटात ६३ टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा आकड्यांना शेवटचा शब्द मानू नका. पण रोज समोर दिसतं ते याच्याशी जुळतं.

मशीनबद्दल. आयएफटी किंवा टेन्सने, म्हणजे विजेच्या सौम्य लहरी देणाऱ्या यंत्रांनी, काही तास ठणका कमी होतो, शेकाने स्नायू सैलावतात. हा उपयोग खरा आहे, पण तेवढाच. त्या तासा-दोन तासांत व्यायाम केला तर पैसे वसूल. मशीन लावून पडून राहिलात आणि उठून घरी गेलात तर नाही. अल्ट्रासाउंडने, म्हणजे ध्वनिलहरींच्या शेकाने, आटलेलं आवरण सुटतं असा आधार मला कुठे दिसलेला नाही. लेझरने पहिल्या काही आठवड्यांत वेदना थोडी कमी होऊ शकते. तेवढ्यासाठी रोज रिक्षा करून जाण्यापेक्षा घरी गरम पाण्याची पिशवी दहा-पंधरा मिनिटं पंच्यात गुंडाळून घेतली तरी बरंचसं साधतं. मधुमेहामुळे हाताची संवेदना मंदावली असेल तर पिशवी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावून बघू द्या. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

तर सध्या करायचं काय? सगळ्यात आधी झोप सांभाळायची. उताणं झोपताना डाव्या कोपराखाली आणि दंडाखाली उशी घ्या, म्हणजे हात मागे लोंबकळणार नाही. उजव्या कुशीवर झोपलात तर पोटाशी जाड उशी घेऊन डावा हात तिच्यावर टेका. झोपण्याआधी शेक, आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी असेल तर तिची वेळ रात्रीची ठेवायला विचारा. स्वतःच्या मनाने महिनोन्महिने गोळ्या नकोत. मधुमेहात मूत्रपिंडाचा हिशेब बघावा लागतो. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. काही महिने पुढे हूक असलेले ब्लाउज शिवून घ्या, त्यात कमीपणा नाही. एसटीत, लोकलमध्ये वरची कडी त्या हाताने धरू नका. ब्रेकचा एक हिसका आठवडाभराचं काम घालवतो.

व्यायाम थोडा आणि वारंवार. दिवसातून एकदा अर्धा तास झुंजण्यापेक्षा पाच-सहा वेळा तीन-चार मिनिटं. ओट्यावर किंवा टेबलावर फडकं ठेवून त्यावर डावा हात टेका आणि अंग पुढे झुकवत फडकं पुढे सरकवा. हात उचलायचा नाही, सरकवायचा. उजव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन वाका आणि डावा हात लोंबता सोडून अंगाच्या झोक्याने हलू द्या, पुढे-मागे आणि लहान गोल; हात स्वतः फिरवलात तर उपयोग अर्धा होतो. वर सांगितलेली काठीची तपासणी हाच तिसरा व्यायाम: ढकलून अडतं त्याच्या किंचित अलीकडे थांबा, पाच मोजा, परत या. खांदा कानाकडे चढत असेल तर आरशासमोर बसून करा. पुली तूर्त बंद. तिने हात वर ओढला जातो, पण बाहेर वळत नाही, आणि उत्साहात माणूस नको तेवढं ओढतो.

किती दुखलं तर चालेल? करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. थांबल्यावर अर्ध्या तासात पूर्ववत झालं पाहिजे आणि त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा बिघडता कामा नये. बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. हात गळ्यात अडकवून ठेवणं ही दुसरी टोकाची चूक. तसं केलं की आवरण अधिकच आटतं.

इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या टप्प्यावर तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकून लोक दचकतात. सांध्याच्या आत दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन ठणक्याच्या काळात पहिले काही आठवडे व्यायाम आणि हातांनी केलेल्या उपचारांपेक्षा जास्त आराम देतं, हे मी फिजिओथेरपिस्ट असूनही सांगते, कारण अभ्यास तसंच दाखवतात. सहा महिने-वर्षाने दोन्हींत फारसा फरक उरत नाही, पण मधल्या रात्री झोपेत जातात हे काही थोडं नाही. इंजेक्शननंतर ठणका कमी असताना व्यायामाला जोड मिळते. इंजेक्शन घेऊन हात हलवलाच नाही तर संधी वाया. तुमच्यासाठी अट एकच: त्यानंतर काही दिवस साखर वाढते, कधी बरीच वाढते. आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला, त्या आठवड्यात घरी ग्लुकोमीटरने साखर बघत राहा, गोळ्या किंवा इन्सुलिनचा डोस ते सांगतील तसा. साखर आधीच हाताबाहेर असेल तर ती खाली आणून मग घ्या. काही ठिकाणी सलाइनचं पाणी भरून आवरण फुगवतात, तोही एक पर्याय आहे. सगळीकडे मिळत नाही.

ठणका ओसरून रात्री सलग झोप लागू लागली की धोरण बदलायचं. आता ताणायचं, आणि नेमाने. इथे लोक उलटी चूक करतात: दुखत होतं तेव्हा जोर लावला आणि आता दुखत नाही म्हणून सोडून दिलं. काठीचा व्यायाम अडतं तिथे २०-३० सेकंद धरून करा. दाराच्या चौकटीला तळवा लावून, कोपर अंगाशी ठेवून अंग हळूच दुसरीकडे वळवा. बाहेर वळण्यासाठी याहून चांगलं साधन घरात नाही. भिंतीवर बोटांनी चढा आणि पेन्सिलने खूण करा. हात मागे नेण्याचा व्यायाम शेवटी: पंच्याचं वरचं टोक चांगल्या हातात, खालचं पाठीमागे दुखऱ्या हातात, आणि वरून हळूच ओढा. मागे जाणारी हालचाल सगळ्यात उशिरा परत येते, हूक लागत नाही म्हणून निराश होऊ नका.

या काळात फिजिओथेरपिस्टचे हात खरे उपयोगी पडतात. सांध्याचा गोळा खोबणीत सरकवण्याचं तंत्र असतं, त्याला मोबिलायझेशन म्हणतो. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या जोराच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन पायऱ्या वेदनेसाठी, पुढच्या दोन आखडलेपणासाठी. हात बाहेर वळत नाही तेव्हा गोळा पुढे ढकलावा असं पुस्तकी तर्काने वाटतं, पण २००७ मधल्या एका छोट्या चाचणीत मागे ढकललेल्या गटाची हालचाल कितीतरी अधिक सुधारली. मीही मागेच ढकलते. तेव्हा समोरच्याने खांदा मागच्या बाजूला दाबला तर चुकतोय असं समजू नका.

‘आपोआप बरा होतो’ हे निम्मं खरं आहे. बहुतेकांचा पुष्कळ सुधारतो, एक ते तीन वर्षं लागतात. पण १९९२ च्या एका अभ्यासात सरासरी सात वर्षांनी बघितलेल्या ६२ जणांपैकी निम्म्यांना थोडं दुखणं किंवा आखडलेपण उरलंच होतं. मधुमेहात सुटायला आणखी वेळ लागतो आणि थोडी कसर राहण्याची शक्यता जास्त. नुसतं वाट बघणं हा तुमच्यासाठी पर्याय मी धरत नाही.

भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीने आवरण कापणं हे आत्ता नको. ठणक्याच्या काळात कुणी त्याची घाई करत असेल तर दुसरं मत घ्या. ब्रिटनमधली ‘यूके फ्रॉस्ट’ नावाची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ५०३ रुग्ण, तीन गट: इंजेक्शनसह ठरावीक पद्धतीची फिजिओथेरपी, भूल देऊन हात सोडवणं, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया. वर्षाने तिन्ही गट सुधारले, आणि रोजच्या जगण्यात जाणवेल इतका फरक कुठल्याच दोघांत नव्हता. गंभीर गुंतागुंती थोड्याच झाल्या, पण त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रियेच्या गटात. भूल देऊन हात वळवताना दंडाचं हाड मोडल्याचीही उदाहरणं आहेत. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या बाबतीत हे लक्षात ठेवायचं. इंजेक्शन आणि सहा महिने नेमाने व्यायाम करूनही हात अडलेलाच राहिला तर ऑर्थोपेडिक सर्जनशी याबद्दल जरूर बोला. तेव्हा तो उपाय योग्यच ठरू शकतो, पण त्यानंतरही दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम सुटत नाही.

फिजिओथेरपिस्ट निवडताना एवढं बघा. महाराष्ट्रात आमची नोंदणी ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीत कोनमापक लावून बाहेर वळणं, वर जाणं, मागे जाणं मोजून लिहून ठेवलं का? दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं का? ‘बरं वाटतंय का’ हा प्रश्न मोजमापाची जागा घेत नाही. वीस सिटिंगचं पॅकेज आधीच विकणाऱ्याकडे मी जाणार नाही. तुमच्या अवस्थेत आठवड्यातून एखादी भेट, बाकी सगळं घरी, एवढं पुरतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असेल तर तिथेही हे नीट होतं, रांग तेवढी लावावी लागते.

आणि उजव्या खांद्यावर लक्ष ठेवा. एक सुटल्यावर पुढच्या काही वर्षांत दुसरा धरल्याची उदाहरणं कमी नाहीत, मधुमेहात जास्तच. उजव्याचं बाहेर वळणं महिन्यातून एकदा काठीने बघत जा; कमी होतंय असं वाटलं तर पाच महिने थांबू नका. थायरॉइडच्या बिघाडाचाही या आजाराशी संबंध आहे, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी तपासलं नसेल तर एचबीए१सीबरोबरच (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) या आठवड्यात करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट पुढच्या भेटीला बरोबर न्या.